परीसर अभ्यास

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या कागदावर लाल पेनाने गोल पडला, त्याला आज पाच दिवस झाले. गोल अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. फ्रिजवरूनही गेलेला नाही, पण ते पुढे सांगते.

कागद म्हणजे आमच्या घरच्या शाळेचं दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक. मुलं दोन. थोरला अकराचा, धाकटी आठची. तीन वर्षं झाली, दोघं घरीच शिकतात. का, कसं, हे खूळ कुणाच्या डोक्यातलं, हे सगळं विचारून नातेवाईक दमले. तुमचंही विचारून झालं असं समजते. फराळाच्या डब्यात शंकरपाळ्यांचा चुरा आणि चिवड्यातली नुसती कढीपत्त्याची पानं उरली की मी पुढच्या सत्राच्या नियोजनाला बसते. यंदा चार रात्री बसले. पहिली रात्र वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर, दुसरी वहीत, उरलेल्या दोन एक्सेलमध्ये. गणिताला निळा रंग, भाषांना हिरवा, लग्नांना पिवळा (तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुटतातच), आबांच्या मोतीबिंदूला करडा. ए-थ्री प्रिंट काढायची, लॅमिनेट करायची आणि फ्रिजवर लावायची, की सत्र सुरू.

दुकानात ही गर्दी. शाळा नुकत्याच उघडलेल्या, त्यामुळे प्रकल्पाची चित्रं काढायला आलेल्या आया, भाडेकराराचा गठ्ठा घेऊन एक बाई, पासपोर्ट फोटोवाला एक मुलगा. माझ्या पुढे इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्या लाल पेनावरून मी ओळखायला हवं होतं.

माझी प्रिंट मशीनमधून सरकत बाहेर आली आणि काउंटरवर नेमकी त्यांच्यासमोर पडली. त्यांनी ती उचलली. आपली नाही हे त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असणार, पण कागद हातात आला की तपासायचा, ही सवय छत्तीस वर्षांची असावी. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"हे परीसर कोण?"

मला कळेना. "कोण सर?"

"परीसर. इथे लिहिलंय. मंगळवारी परीसर, शुक्रवारी परीसर. आमच्या शाळेत पाटीलसर होते, कुलकर्णीसर होते, ड्रॉइंगला एक शेखसर होते. परीसर कोणी नव्हतं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. परिसर अभ्यास! मी 'रि'ला दुसरी वेलांटी दिली होती. चार रात्री, सात रंग, आणि एक वेलांटी.

"टायपिंगमध्ये झालं असेल," मी म्हटलं.

"दोनदा?" असं म्हणून त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण मागच्या बाजूला नीट बसवलं आणि माझ्या कागदावर, माझ्या विकतच्या ए-थ्री रंगीत कागदावर, दोन गोल केले. "परि हा उपसर्ग आहे, ताई. परिणाम, परिचय, परिपाठ, परिस्थिती. पहिली वेलांटी. परी म्हणजे ती पंखवाली. कुठली शाळा?"

इथे मी 'कुठली नाही' म्हणून कागद ओढून घ्यायला हवा होता. पण समोर मुख्याध्यापक उभे असले की माझी आपोआप चौथी होते. मी सांगून टाकलं, की घरीच शिकवतो.

"घरी." त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला. "वर्गशिक्षिका कोण?"

"मीच."

"मुख्याध्यापिका?"

"मीच."

"शिपाई?"

खरं सांगायचं तर तेही मीच. मी गप्प बसले.

"तुकडी?"

"तुकडी नाही हो, दोनच मुलं आहेत."

"म्हणजे अ आणि ब," ते म्हणाले आणि समाधानाने पुढे गेले. "हजेरीपट ठेवता?"

"काका, दोघं समोरच असतात दिवसभर."

"समोर असणं म्हणजे हजर असणं नव्हे." आणि त्यांनी आपल्या हातातला दुसरा कागद माझ्यापुढे फडकवला. हयातीचा दाखला! नोव्हेंबर चालू होता, पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं लिहून द्यायचा महिना. "हे बघा. मी स्वतः बँकेत जाऊन त्या साहेबासमोर खुर्चीत बसतो. तरी हा मागतात. नोंद पाहिजे, ताई, नोंद."

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. एवढंच वाटतं, की त्या माणसाला हयात असल्याचा वेगळा पुरावा द्यायची काही गरज नव्हती.

एव्हाना रांगेची सभा झाली होती. पासपोर्टवाल्या मुलाने विचारलं, "पण हे कायद्यात बसतं का?" याचं उत्तर मला श्लोकासारखं पाठ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय सहा ते चौदा. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, न घातल्यास शिक्षा लिहिलेली नाही. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, वय चौदा पूर्ण लागतं, परीक्षा वर्षातून दोनदा. हे मी लग्नाच्या पंगतीत म्हटलंय, रिक्षात म्हटलंय आणि एकदा दातांच्या डॉक्टरसमोर तोंडात कापूस असतानाही म्हटलंय. त्या मुलाने अर्ध्यात फोन काढला. लोकांना प्रश्न विचारायचा असतो, उत्तराचं एवढं काही नसतं.

भाडेकरारवाल्या बाई म्हणाल्या, "शाळेत तरी काय शिकवतात हल्ली! बासष्टला साठ दोन म्हणतात म्हणे." मला वाटलं, माझी बाजू घेतायत. पण पुढे म्हणाल्या, "निदान तिथे शुद्धलेखन तरी बघतात."

ते साठ दोनचं प्रकरण २०१९ चं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली, आणि विधानसभेपासून भाजीच्या गाड्यांपर्यंत महाराष्ट्राला मराठीची जी काळजी वाटली, ती त्याआधी कधी वाटली नव्हती. मला स्वतःला ती पद्धत आवडली होती, हे मी कुठे बोलत नाही. आमची धाकटी गेल्या वर्षी मोजताना एकोणनव्वद, नव्वद करत शंभराच्या तोंडाशी पोचली आणि नव्याण्णवला बिनदिक्कत 'एकोणशंभर' म्हणाली. मी चूक म्हटलं. तिने विचारलं, "एकोणसाठ चालतं, एकोणऐंशी चालतं, मग हेच का नाही?" मी आमटीला फोडणी द्यायला उठले.

तर सर. त्यांचं तपासणं चालूच होतं. गुरुवारी अकरा ते बारा धाकटी पोहायलाही होती आणि गुणाकारालाही. ते त्यांनी पकडलं. चार रात्री रंग भरताना मला दिसलं नव्हतं, त्यांना उभ्या उभ्या दिसलं. मग रविवारवर आले. रविवारी मी लिहिलं होतं, 'विज्ञान प्रयोग : बाबा (जमल्यास)'. त्यांनी 'जमल्यास'भोवती तिसरा गोल काढला, बाहेर प्रश्नचिन्ह दिलं आणि विचारलं, "हे शिक्षक अंशकालीन का?"

रांग खदखदून हसली. मीही हसले. खरं तर तो गोल मीच काढायला हवा होता.

कारण ज्या कागदावर ही मंडळी हसत होती, त्यावर माझं सगळं वर्ष कोंबलेलं होतं. सकाळी नऊला आमच्या घरात दोन कामं सुरू होतात. नवरा आतल्या खोलीत लॅपटॉप उघडतो आणि दार लावतो; ते ऑफिस. मी जेवणाच्या टेबलावर दोन मुलं, नकाशा आणि अपूर्णांक घेऊन बसते. ते 'घरीच असणं'. बंद दारावर कोणी टकटक करत नाही. मी मात्र घरीच असते, म्हणून वरच्या मजल्याचं पार्सल माझ्याकडे, शेजारच्यांची किल्ली माझ्याकडे, गॅसवाला आला की मी, पाण्याचा टँकर आला की वॉचमनला मी. कुरिअरचा मुलगा आता बेल वाजवून विचारतो, "सहाशे दोन, सहाशे चार, सातशे एक. तुमचं काही नाही, घेता ना?" आबांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा नणंदेने फोनवर तारीख सांगितली आणि पुढे म्हणाली, "तुला काय, मुलांची शाळा बुडायचा प्रश्न नाही." मी पाच तासांचं वेळापत्रक करते, हाती दोन येतात. त्या दोन तासांत जे होतं ते चांगलं होतं, असं माझं मत आहे. थोरल्याने टक्केवारी सोसायटीच्या बिलावर शिकली. मेंटेनन्स थकला की आमच्याकडे वर्षाला २१ टक्के व्याज लावतात, ते सरळ लावलंय की चक्रवाढ, हे विचारायला तो वही घेऊन सेक्रेटरींकडे गेला होता. सेक्रेटरी हल्ली जिना बदलतात.

पण हे रांगेत कोण ऐकणार? रांगेपुढे एक वेलांटी आहे, आणि ती मी चुकलेय. माझ्या भाच्याच्या शाळेतून सहलीची सूचना आली होती, तिच्यात 'पालकांनी विध्यार्थ्यांना पाणि द्यावे' असं होतं. त्यावरून कोणी शिक्षणपद्धती मोडीत काढली नाही. सरकारने २०२३ साली पाठ्यपुस्तकांत वह्यांसारखी कोरी पानं घातली आणि दोन वर्षांत ती काढून टाकायचं ठरवलं. तिथे कोणी लाल पेनाचं टोपण उघडून उभं नव्हतं. शाळेची चूक ही छपाईची चूक असते. आईची चूक झाली की तिला अधिकारच नव्हता असं ठरतं.

असो. मी "द्या आता" म्हणून हात पुढे केला. सर म्हणाले, "एक मिनिट, शेरा राहिला." आणि कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, सुंदर वळणदार अक्षरात दोन ओळी लिहून खाली सही केली, तारखेसकट. कागद काउंटरवर ठेवला, हयातीच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स घेतल्या, सुटे पैसे मोजून दिले, मला म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे हं," आणि गेले.

मी पर्समध्ये पाकीट शोधत होते. दुकानातल्या मुलाच्या एका कानात इअरफोन. त्याला 'ए-थ्री, कलर, लॅमिनेशन' एवढं सांगितलेलं, ते त्याच्या बरोबर लक्षात होतं. त्याने काउंटरवरचा कागद प्लॅस्टिकमध्ये घातला आणि मशीनच्या तोंडाशी धरला.

"अरे थांब!"

लॅमिनेशनच्या मशीनने एकदा कागद धरला की तो मागे येत नाही. तो पलीकडून हळूहळू बाहेर येताना बघत उभं राहावं लागतं. आधी सोमवार आला, मग मंगळवार आणि त्याचा लाल गोल, गुरुवारची फुली, शुक्रवारचा गोल, रविवारचं प्रश्नचिन्ह, शेवटी शेरा. गरमागरम, कडक, चकचकीत. नव्वद रुपये.

घरी नवरा म्हणाला, "राहू दे की, वाचता तर येतंय." जमल्यासवरचा गोल त्याने बहुतेक पाहिला नाही. पुन्हा नव्वद रुपये घालणं मलाही पटेना. पैशांचं सोडा, नवीन काढलं तर सर जिंकले असं झालं असतं. म्हणून तोच कागद फ्रिजवर आहे. धाकटीला मी झाला प्रकार सांगायची चूक केली. तिने परीसरांचं चित्र काढून वेळापत्रकाशेजारी चिकटवलंय: पांढरा सदरा, मिशा, पाठीला दोन पंख, हातात जादूच्या छडीऐवजी लाल पेन. शुक्रवारी साडेदहाला वही घेऊन टेबलापाशी आली आणि मला म्हणाली, "तू नको, परीसर कधी येणार?"

शेरा नीट वाचला तो थोरल्याने, तिसऱ्या दिवशी, दूध काढताना. "आई, 'द्यावे'मध्ये द ला य असतो की द ला द?"

मी पोळी तव्यावर टाकून धावले. 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्दावे. पालकांस भेटण्यास सांगावे.'

द्दावे! स्वच्छ, वळणदार, लाल. द ला द. आणि लॅमिनेट केलेलं, म्हणजे आता त्यांनाही खोडता येणार नाही. पोळी करपली, मी मोबाइलवर तीन फोटो काढले, एक जवळून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास मला दुकानात काहीतरी काम निघतं. सर काही येत नाहीत. दाखला भरून झाला असणार, आता एकदम पुढच्या नोव्हेंबरात. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून मी काहीतरी झेरॉक्स काढते. काल त्या मुलाने कानातला इअरफोन काढला आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"मॅडम, परत आधारच?"