खुलासा : हिमोग्लोबिन १२ आहे म्हणून थॅलेसेमिया नाही?

‘हिमोग्लोबिन १२ असेल तर थॅलेसेमियाची तपासणी कशाला?’ असा मेसेज ऐन लग्नसराईत फिरतोय. साफ चूक. थॅलेसेमिया हा आईवडिलांकडून येणारा, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आजार. थॅलेसेमिया मायनर (म्हणजे नुसता वाहक) असलेल्याचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा ११-१२ असतं आणि माणूस ठणठणीत असतो. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या) कागदावर जरा खाली बघा: एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या आत, एमसीएच (एका लाल पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या आत, तरी लाल पेशी ५० लाखांच्या वर? शंका घ्यायची ती इथे. (लोह कमी पडलं तरी पेशी लहान होतात, पण संख्या सहसा वाढत नाही.) पुढे एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करायची. त्यात एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं, तर बहुधा बीटा मायनर, म्हणजे बीटा प्रकारच्या थॅलेसेमियाचा वाहक. लोह कमी असताना हा आकडा फसवा कमी येऊ शकतो, म्हणून फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघतात. नवरा-बायको दोघंही बीटा मायनर असले, तर दर गरोदरपणात मूल मेजर (आजाराचं गंभीर रूप असलेलं) असण्याची शक्यता २५ टक्के.