‘तीन व्हिजिट, तीनदा पैसे, प्रिंटर जैसे थे’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

साहेब, नमस्कार.

तुम्ही एक स्टार दिलाय. तक्रार थोडक्यात अशी की सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये महिन्याभरात आमचा माणूस तीनदा आला, दर वेळी चारशे रुपये घेतले, दर वेळी प्रिंटर चालू झाला आणि काही दिवसांनी परत बसला. वर तो ‘विंडोज सेव्हन जुनं झालंय, नवीन मशिन घ्या’ असं सांगून गेला. जीएसटीचं रिटर्न दोन दिवसांवर आलेलं असताना अठरा ऑक्टोबरला सकाळी दुकानाचा फोनही कोणी उचलला नाही. ऑफिसचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही लिहीत नाही.

पैशाची आणि फोनची तक्रार खरी आहे. त्या दिवशी मी मिरजेला एका दवाखान्यात यूपीएस बसवत होतो, मोबाईल बॅगेत राहिला. पण तुम्हाला सहा वेळा फोन करायची वेळ यायला नको होती. ‘जैसे थे’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. तिन्ही वेळा प्रिंटर एकाच कारणाने बंद पडलेला नव्हता, आणि हे तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तुमच्याकडे तीन मशिन. एचपी लेझरजेट १०२० यूएसबीने तुमच्या केबिनमधल्या विंडोज १० ला लावलेला, आणि बाहेरच्या दोन विंडोज ७ वरून शेअरिंगने प्रिंट मारायची. हे सगळं ऑगस्टपर्यंत सुरळीत होतं. १४ सप्टेंबर २०२१ ला विंडोजचा महिन्याचा अपडेट आला. जुलैमध्ये प्रिंट स्पूलरमधलं (विंडोजचा प्रिंटची रांग सांभाळणारा भाग) सुरक्षेचं मोठं भगदाड उघडकीला आल्यापासून प्रिंटिंगवर एकामागून एक कुलपं लागत होती, त्यातलंच हे एक. ज्या मशिनला प्रिंटर जोडलाय ते मशिन आता समोरच्याला विचारतं की तुझं बोलणं एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक भाषेत, आहे का. विंडोज १० वाले हो म्हणतात. विंडोज ७ ला तो प्रश्नच कळत नाही, कारण त्याचे साधे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले. मग प्रिंटर जोडता येत नाही आणि ‘११बी’ने संपणारा एरर येतो. त्या आठवड्यात सांगलीत माझ्याकडे याच एररचे इतके फोन आले की गणपतीतली दुपारची झोप गेली.

आमच्या दुकानातला पोरगा १६ सप्टेंबरला आला. त्याने तुमच्या केबिनमधल्या मशिनवरचा तो अपडेट अनइन्स्टॉल केला आणि प्रिंट निघाली. इथे चूक आमची. विंडोज १० चे हे अपडेट एकावर एक रचलेले असतात. सप्टेंबरचा काढला तरी ऑक्टोबरचा येताना सप्टेंबरचं सगळं बरोबर घेऊनच येतो. त्याप्रमाणे तो १३ ऑक्टोबरला आला आणि प्रिंटर परत बसला. पोराने तुम्हाला ‘आता होणार नाही’ असं सांगितलं होतं. तसं सांगायला नको होतं.

दुसऱ्या वेळी त्याने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन ती एन्क्रिप्शनची सक्तीच शून्य केली आणि स्पूलर रीस्टार्ट केला. हे चालतं, पण कुलूप उघडं ठेवून जाण्यासारखं आहे. शिवाय तुमची मशिन नेटवर्कमध्ये नावाने दिसायला वेळ लागत होता, म्हणून घाईत त्याने बाहेरच्या दोन्ही मशिनवर प्रिंटर तुमच्या मशिनच्या नावाऐवजी आयपीवर, म्हणजे राउटरने मशिनला दिलेल्या नंबरावर जोडला, १९२.१६८.१.३ वर. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

सोमवारी दुपारी मी स्वतः आलो तेव्हा राउटरवर हळदी-कुंकू होतं, सीपीयूला झेंडूची माळ, आणि माळेतली दोन फुलं मागच्या पंख्यापाशी अडकलेली. ती आधी काढली. तुमच्या मॅडम म्हणाल्या, पूजेला सगळं मेन स्विचपासून बंद केलं होतं आणि आज सकाळी आल्यावर आधी बाहेरची मशिन लावली, साहेबांचं शेवटी. मशिनचा नंबर दाखवणारी ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड काळ्या खिडकीत मारली तर तुमच्या मशिनचा शेवट १.३ ऐवजी १.५ झालेला. बरेच साधे राउटर वीज गेली की कोणाला कोणता नंबर दिला होता ते विसरतात, मग एकाचा नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. बाहेरची दोन्ही मशिन १.३ कडे प्रिंट पाठवत होती, आणि त्या नंबरवर आता मॅडमचा मोबाईल बसला होता.

पूजा करू नका असं मी म्हणत नाही, आमच्या दुकानातही होते. आयपीवर जोडायचंच होतं तर राउटरमध्ये तो नंबर तुमच्या मशिनच्या नावाने राखून ठेवायला हवा होता. दोन मिनिटांचं काम.

त्या दिवशी मी काय केलं ते लिहून ठेवतो, उद्या दुसऱ्या कोणाला बोलावलंत तरी त्याला उपयोग होईल. बाहेरच्या दोन्ही मशिनवर १०२० चा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) तिथल्या तिथे टाकला. त्यांची विंडोज ३२-बिट आहे, तुमची ६४-बिट, दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे, त्यामुळे तुमच्याकडून ड्रायव्हर ओढून घेण्याच्या भानगडीत पडलोच नाही. मग नेटवर्क प्रिंटर न जोडता लोकल पोर्ट, म्हणजे प्रिंट पाठवायची मशिनवरचीच वाट, बनवला आणि पोर्टच्या नावात तुमच्या मशिनचं नाव आणि शेअरचं नाव घातलं. अशी प्रिंट साध्या फाइल शेअरिंगच्या वाटेने जाते, ११बीच्या दारावर जातच नाही. त्यामुळे पोराने शून्य केलेली रजिस्ट्री परत १ केली आणि पुढचे अपडेटही चालू ठेवले. प्रिंटरसाठी पासवर्ड असलेलं वेगळं युजर अकाउंट केलं, कारण बिनपासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. राउटरमध्ये नंबर राखून ठेवला. तुमच्या मशिनचं स्लीप बंद केलं. ते झोपलं की बाहेर प्रिंट निघत नाही, आणि तुम्ही जेवायला गेलात की ते झोपायचं.

तुम्ही लिहिलंय की सातशे-आठशेचा प्रिंट सर्व्हरचा डबा (प्रिंटर कॉम्प्युटरऐवजी थेट नेटवर्कला जोडणारा) लावला असता तर सगळंच मिटलं असतं. १०२० ला तो चालेल याची खात्री नसते. या प्रिंटरचा फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, त्याच्या पोटात राहत नाही, प्रत्येक वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून घ्यावा लागतो. साध्या डब्याला ते येत नाही. तो लावून तुमच्याकडून पैसे घेतले असते तर एक स्टारही जास्त झाला असता. प्रिंटर बाकी सोन्यासारखा आहे, टोनर भरा आणि विसरून जा. तो बदलू नका.

आता नवीन मशिनचं. पोरगा ज्या तोऱ्यात बोलला त्याबद्दल माफी, पण त्याचा मुद्दा मी मागे घेणार नाही. त्या दोन विंडोज ७ वर लोकांचे पॅन नंबर, बँकेची स्टेटमेंट, रिटर्न आहेत, आणि जानेवारी २०२० पासून त्यांना अपडेट नाही. प्रिंटर आज चालतोय म्हणून ती मशिन ठीक आहेत असं होत नाही. मशिन फेकायचीही गरज नाही. दोन्ही आय-थ्री प्रोसेसरची आहेत, एसएसडी (वेगवान डिस्क) आणि चार जीबी रॅम वाढवली की आज, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अपडेट मिळणारी विंडोज १० आरामात चालेल. सामान आमच्याकडूनच घ्या असंही नाही, बिल दाखवा, बसवून देऊ.

पहिल्या दोन व्हिजिटचे आठशे रुपये पोराबरोबर पाठवतोय, तेवढी पावतीवर सही करा. तिसरीचे चारशे ठेवून घेतलेत, त्या दिवशी काम झालंय. आणि खिडकीजवळच्या मशिनवर ‘कॉपी १’ नावाचा जुना प्रिंटर काढायचा राहिलाय. डिफॉल्ट तो नाही, पण चुकून त्याच्यावर प्रिंट गेली तर रांगेत अडकून बसेल. पोरगा आला की तोही डिलीट करेल, त्याचे पैसे नाहीत.