डॉक्टरला मारलं कुणी?

डिस्नेने हात काढल्याची बातमी आली तेव्हापासून बाळ्या 'डॉक्टर हू' ह्या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचं तेरावं घालत हिंडतोय. परवा फडके रोडच्या कट्ट्यावर आला तोच सुरू झाला.

"अमेरिकेचा पैसा शिरला की संपलं! १९९६ ला डॉक्टरचा टीव्ही-सिनेमा काढला तेव्हा हेच झालं. तिथल्या फॉक्स वाहिनीने वाट लावली."

"१९८९ ला कोणी लावली?" वैशालीने विचारलं. "२६ सीझन चाललेली मालिका बीबीसीने स्वतःच्या हाताने थांबवली. तेव्हा अमेरिका कुठे होती?"

बाळ्याने ते ऐकलंच नाही. "परग्रहावरचा डॉक्टर त्या सिनेमात अर्धा माणूस म्हणे! आईकडून! वर त्या सर्जन बाईचं चुंबन घेतो!"

"चुंबनाने मालिका पडल्याचं मी तरी ऐकलं नाही."

मन्या मोबाइलवरून वाचायला लागला, की ब्रिटनमध्ये ९० लाखांवर लोकांनी तो सिनेमा पाहिला, अमेरिकेत मात्र त्याच वेळी समोर 'रोझॅन' ही गाजलेली विनोदी मालिका होती. बाळ्याने मांडीवर थाप मारली. "बघ! अमेरिकेनेच पाडला!"

"पाडला ना. का पाडला ते सांग," वैशाली म्हणाली. "ज्याने आयुष्यात डॉक्टर पाहिलेला नाही, त्याला पहिल्याच मिनिटाला काय ऐकवतात? मास्टर, डालेक, स्कारो, खटला, अस्थी. मग आधीच्या मालिकेतला डॉक्टर, सिल्वेस्टर मॅकॉय, येतो. तो कोण हे कळायच्या आत त्याला गोळ्या लागतात आणि तो ऑपरेशन टेबलावर मरतो. एक्स-रेत दोन हृदयं दिसतात, तर इस्पितळातल्या डॉक्टरांना वाटतं फोटोच बिघडला. म्हणजे नायक आधी मारला, मग ओळख करून दिली."

ह्यावर बाळ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो पुन्हा चुंबनाकडे वळला.

मला वैशालीचं शंभर टक्के पटतं. २००५ ला मालिका पुन्हा सुरू करताना लेखक रसेल टी. डेव्हिसने नेमकं उलट केलं. रोझ, दुकानात काम करणारी साधी मुलगी. तळघरात पुतळे अंगावर येतात, एक अनोळखी माणूस तिचा हात धरतो आणि म्हणतो, पळ. तो कोण, हे तिला कळत जातं तसं आपल्याला कळतं. डॉक्टरच्या ग्रहाचं, गॅलिफ्रेचं, नावसुद्धा त्या भागात घेत नाहीत. मालिका उभी राहिली ती तिथे.

वाईट वाटतं ते पॉल मॅकगॅनचं. त्या सिनेमात मेलेला डॉक्टर नव्या चेहऱ्याने पुन्हा उठतो, तो हा. इतका देखणा, उतावळा, कोवळा डॉक्टर, आणि पडद्यावर एका रात्रीचा धनी. पुढे वर्षानुवर्षं श्राव्य नाटकांत त्याने ती भूमिका जिवंत ठेवली. २०१३ मध्ये पडद्यावर परत बोलावला, तो जेमतेम सात मिनिटांसाठी, आणि तेही मरायला! हे मी बोललो तर बाळ्यासुद्धा गप्प झाला. मॅकगॅन त्यालाही आवडतो, नुसतं कबूल करत नाही.

"पण प्रस्तावना लागतेच," तो पुटपुटला. "प्रेक्षकाला संदर्भ नको?"

वैशालीने कप खाली ठेवला. "आठवतं का रे मन्या, कॉलेजची एकांकिका? बाळ्या सूत्रधार. पडदा उघडायच्या आधी ह्याने अख्खं कथानक सांगितलं, खुनी कोण ते धरून!"

"संदर्भ होता तो!" बाळ्या ओरडला.

"परीक्षक चहाला उठून गेले होते रे!"

मन्याला ठसका लागला. शेजारच्या टोळक्यातल्या कुणीतरी "खुनी कोण होता?" म्हणून विचारलं, आणि बाळ्या खरोखरच सुरुवातीपासून सांगायला लागला.