आधार कार्ड पाठवलं म्हणून माणूस खरा ठरत नाही

गाडीचे जुने पार्ट ऑनलाइन घेण्याविषयी एक मेसेज आपल्या फोंडा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. विकणाऱ्याकडून आधार कार्ड आणि जीएसटी नंबर घ्या, पार्टचा व्हिडिओ मागा, कॅश ऑन डिलिव्हरी केलीत तर फसणारच नाही, यूपीआयने भरलेले पैसे बँक परत आणते, आणि तुम्ही विकणारे असाल तर धोकाच नाही, असं त्यात आहे. मेसेज चांगल्या मनानं लिहिलाय, म्हणून तर लोक पुढे पाठवतात. पण तो जसाच्या तसा पाळणारा माणूस हमखास बुडेल.

आधार कार्डाचंच घ्या. भामटा पाठवतो ते कार्ड त्याचं नसतंच, आधी फसलेल्या कुणाचं तरी असतं. विश्वासानं तुम्ही आपलं पाठवलंत, की पुढच्या गिऱ्हाइकाला तो तुमचं दाखवणार. जवानाचं ओळखपत्र पुढे करतात तीही हीच युक्ती.

जीएसटी नंबर कामाचा आहे, पण तपासला तर. त्या १५ अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गोवा ३०, महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. दुकान दिल्लीच्या मायापुरीत आणि नंबर २७ने सुरू, तर आधी खुलासा मागा. आकडे जुळले तरी जीएसटीच्या साइटवर नंबर घालून दुकानाचं नाव बघा. यूपीआयवर पैसे सोडण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. ते दुकानाचं किंवा मालकाचं नसून भलत्याच कुणाचं असेल, तर पिन घालू नका.

व्हिडिओ दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचलता येतो. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावा, पार्टशेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून ठेवायला सांगा, आणि आपल्या मेकॅनिकला जवळ बसवून पार्ट नंबर वाचून घ्या. इंजिनचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, पुष्कळ गाड्यांत चावीशी जुळवलेला असतो, त्यामुळे तो अस्सल निघाला तरी तुमची गाडी चालू होईलच असं नाही. जुनी एअरबॅग तर घेऊच नका, ती जिवाची गोष्ट आहे.

कॅश ऑन डिलिव्हरीचं मात्र मला मनापासून सांगायचंय, कारण ते आमच्या घरात घडलंय. चवथीच्या तोंडावर भावाच्या गाडीचा अल्टरनेटर गेला. त्यानं ऑनलाइन जुना मागवला, साडेचार हजारांना. कुरियरवाला दारात आला. पैसे आधी, खोका नंतर. खोका हातात घेतला तर चांगला जड, म्हणून भावाला शंकाही आली नाही. सुरीनं चिकटपट्टी कापली, हिंदी पेपरांची तीन-चार वेष्टनं काढली, आणि आतून निघाला गंजलेला ब्रेक ड्रम. वजनासाठीच घातलेला. तोवर सही झाली होती, पैसे रोख गेले होते आणि विकणाऱ्याचा फोन बंद. बिचारा कुरियरवाला काय करणार? पैसे देण्याआधी खोका उघडून बघू देत असतील, तरच कॅश ऑन डिलिव्हरीला अर्थ आहे.

बँक पैसे परत आणते, हे तर सरळ चूक. रिझर्व्ह बँकेनं २०१७च्या परिपत्रकात दिलेलं संरक्षण तुमच्या संमतीशिवाय खात्यातून गेलेल्या पैशांसाठी होतं. तुम्ही स्वतः पिन घालून पाठवलेले पैसे बँकेला परस्पर मागे ओढता येत नाहीत. करायचं ते एकच: क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले नसतील, तर तिथेच गोठवता येतात. 'उद्या रिफंड करतो' या गोड बोलण्यात तोच वेळ जातो.

विकणाऱ्याला धोका नाही म्हणतात, तेही खोटं. तुम्ही अलॉय व्हील विकायला काढता, गिऱ्हाईक भाव न करता हो म्हणतं आणि 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणून कोड धाडतं. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. पिन घातलात की पैसे तुमचेच जातात. दुसरा प्रकार 'चुकून जास्त गेले, वरचे परत करा' असा, सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस. तो एसएमएस बघू नका, बँकेच्या ॲपमधली शिल्लक बघा. गिऱ्हाईक म्हापशाचं असो की मडगावचं, त्याला गॅरेजवर बोलवा, चाकं लावून बघू दे, आणि रक्कम खात्यात दिसल्यावरच चाकं त्याच्या गाडीत चढवा.