जुनी गाडी घरच्या घरी लवकर कशी मारावी

ज्यांच्या पार्किंगमध्ये अजून एखादी पंधरा-अठरा वर्षांची गाडी तग धरून आहे त्यांच्यासाठी हे खास. विकायला गेलं तर गिऱ्हाईक हसतं, स्क्रॅपला द्यायला जीव होत नाही, शेजारचे रोज विचारतात "अजून ठेवलीय का?" मग करायचं काय? घरच्या घरी मारायची. अवघड काही नाही. बॉनेट उघडायचं नाही एवढं एक पथ्य पाळलं की निम्मं काम झालंच समजा.

माझा अधिकार काय म्हणाल, तर माझ्याकडे 2007 ची वॅगन आर आहे. 2022 मध्ये रजिस्ट्रेशन संपलं तेव्हा पाच हजार फी भरली, वर पर्यावरण कर भरला, आरटीओत गाडी दाखवली आणि पुढची पाच वर्षं मिळवली. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट सगळं मी रविवारी पार्किंगमध्ये बसून स्वतः करतो. म्हणजे मारण्याच्या बाबतीत मी अगदीच नवखा. पण यंदा मे महिन्यात ही गाडी आमच्या साडूभाऊंनी कोकणात नेली आणि एका फेरीत मला सगळं शिकवून टाकलं. खालचं ज्ञान त्यांचं, मी फक्त टायपिंग केलंय.

सुरुवात ऑइलपासून. इंजिनाजवळ एक पिवळी कडी दिसते, ती शोभेची आहे. ती ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालून पातळी बघायची, हे सगळं रिकामटेकड्यांचं काम. ऑइल बदलायचं दिवाळीला. कुठल्या दिवाळीला ते विचारू नका. काळं झालं असेल तर मुरलंय असं समजायचं.

टायरवर नक्षी दिसतेय ना? मग टायर चांगला. बाजूला चार आकडे असतात, समजा 2315, म्हणजे 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. असलं वाचत बसलं की मनस्ताप होतो, वाचू नका.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर येऊ द्या. गरम पाणी, चिमूटभर खायचा सोडा आणि जुना टूथब्रश एवढ्यात ती जाते, पण मग सकाळी धक्का मारायला सोसायटीतली चार माणसं जमतात ती कशी जमणार?

नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपायला अजिबात घाबरू नका, तुमचा इन्शुरन्स असेलच.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं पुस्तकात छापलंय. ते हवेतली ओल शोषतं, मग घाट उतरताना गरम होऊन उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं वगैरे. पुस्तकं काय, काहीही छापतात.

उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा. आमच्याकडच्या उंदरांना लागलीय ती सवय, आता पान खाऊन मग वायर खातात.

एचएसआरपी, म्हणजे ती सक्तीची नवी नंबर प्लेट. 745 रुपये अधिक जीएसटी मोजले. जास्त बोलत नाही, सगळ्यांनी भोगलंय.

आता मुख्य विषय, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी. गाडी मारायचा याच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. पहिली गोष्ट म्हणजे ते हिरवं पाणी विकत घ्यायचंच नाही. पाणी ते पाणी, नळाचं घाला, बोअरवेलचं घाला. ग्लायकॉल असलं की ते लवकर उकळत नाही, त्यातल्या औषधाने आतला अॅल्युमिनियम गंजत नाही, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं करून घालतात, या सगळ्या कंपन्यांच्या थापा. बोअरचं पाणी घातलं की आत मस्त क्षार धरतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या एकेक करून बुजतात, आणि एखादी नळी गळायला लागलीच तर वरून चमचाभर हळद टाका. हसू नका, हळदीने बारीक भोक खरंच बुजतं, फक्त ती हळद कुठलं भोक बुजवायचं आणि कुठलं नाही हे विचारून जात नाही, हीटरच्या नळ्याही त्यातच बुजतात.

दुसरी गोष्ट, डॅशबोर्डवर इंजिन किती तापलंय ते दाखवणारा एक काटा असतो, एका टोकाला सी म्हणजे थंड आणि दुसऱ्या टोकाला एच म्हणजे गरम. हा काटा निम्म्याच्या थोडा खाली असतो आणि वर्षानुवर्षं तिथेच असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि बघूही नये. आमच्या साडूभाऊंनी नाही बघितला. दापोलीहून परत येताना माणगाव, निजामपूर आणि मग ताम्हिणीचा चढ, भर दुपारचं ऊन, गाडीत पाच माणसं, डिकीत आणि मागच्यांच्या पायाशी आंब्याच्या पेट्या, दुसरा गिअर, आणि एसी चारवर. किल्ली देताना मी सांगितलं होतं की चढाला एसी बंद करा आणि काट्यावर लक्ष ठेवा. हो हो म्हणाले होते. काटा एचला टेकला तेव्हा मागे बसलेल्या त्यांच्या धाकट्याने विचारलं, "बाबा हे लाल काय आहे?" तर त्याला उत्तर मिळालं की जुन्या गाडीत असंच असतं. शाळेत जाणारं पोर! त्याला दिसलं, यांना नाही दिसलं.

मग बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा स्वारी थांबली. आता थांबलात ना, तर गप बसा की राव, आंबे खा, दरीत बघा, फोटो काढा! नाही. खाली उतरून नॅपकिन घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. त्या झाकणाला दाब धरून ठेवायचंच काम असतं, त्या दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण ढिलं केलं की दाब सुटतो आणि ते सगळं एका झटक्यात उकळून तोंडावर येतं. यांचा चेहरा वाचला तो निव्वळ बायकोने मागून शर्ट ओढला म्हणून. आणि कारंजं थांबल्यावर काय केलं, तर आइसबॉक्समधल्या थंडगार पाण्याच्या बाटल्या आत ओतल्या. तापून लाल झालेल्या अॅल्युमिनियमच्या इंजिनात बर्फाचं पाणी! आणि परत स्टार्ट करून, परत एसी लावून, थेट पुण्याचा चांदणी चौक. मधे दोनदा तापली म्हणे, दोनदा ओतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आणून दिली. धुऊन, पुसून, टाकी फुल करून, वर एक पेटी हापूस. "गाडी छान चालली हो, जरा पिकअप कमी वाटतोय, पण आता वयच झालंय ना तिचं."

वय?

मी त्यांच्यासमोरच ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून दुधाळ चहासारखा थर. ज्यांनी कधी हे बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलं, पाणी ऑइलमध्ये शिरलं, हेड वाकलं. आता हेड उतरवून लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, दिलंय, गॅस्केटसाठी नाना पेठेत फिरतोय, दुकानदार विचारतो "ओरिजनल देऊ का ओरिजनलसारखं?", गॅरेजवाला म्हणतो इंजिनच बदला किंवा काढून टाका, आणि घरचे म्हणतात बघ आम्ही सांगत होतो, जुन्या गाडीचा काही भरवसा नाही.

अरे कसला भरवसा नाही? अठरा वर्षं उभी आहे ती गाडी! उन्हात, पावसात, खड्ड्यात. जाताना याच घाटातून न कुरकुरता उतरली होती. तिने रस्त्यात दगा दिला नाही, तिने काटा वर करून सांगितलं, लाल पट्टी दाखवून सांगितलं, वाफ सोडून सांगितलं, अजून काय करायचं होतं, फोन करायचा होता का?

बास झाली गंमत, आता सरळ सांगतो. काटा निम्म्याच्या वर सरकायला लागला की एसी बंद करा. खिडक्या उघडा आणि हीटर फुल करा, हो, मे महिन्यातसुद्धा, हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर टाकतो, घाम आला तर पुसा. तरी काटा खाली येत नसेल तर पुढचं वळण, पुढचं हॉटेल, पुढचं गाव असलं काही बघत बसू नका, जागा मिळेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. होजला, म्हणजे रेडिएटरच्या रबरी पाइपला, हात लावून बघा, हाताला सहन होतोय, दाबला तर मऊ लागतोय, तेव्हाच झाकण उघडा, तेही जाड फडकं टाकून, हळूहळू. पाणी साधं चालेल, थंड नको, आणि थोडं थोडं घाला. घरी आल्यावर ते काढून नीट कूलंट भरा आणि गळती शोधा. आणि तापलेली गाडी तापली होती असं मालकाला सांगा! तेवढं एक वाक्य सांगितलं नाही ना, म्हणजे मी ती दुसऱ्या दिवशी तशीच ऑफिसला घेऊन गेलो असतो. मी ऑइलचं झाकण उघडून बघितलं म्हणून नाही नेली, ती गोष्ट वेगळी.

जुनी गाडी म्हणजे भंगार म्हणून तुम्ही ती कशीही हाकता, तिच्याकडे बघत नाही, आणि बसली की म्हणता जुनीच होती. लाज वाटू द्या जरा. नव्या गाडीलाही हेच केलंत तर तीही अशीच बसेल, फक्त बिल मोठं येईल.

आणि साडूभाऊ, लेथचं आणि गॅस्केट किटचं बिल फॅमिली ग्रुपवर टाकलंय. टिका निळ्या झाल्यात, म्हणजे बघितलंय तुम्ही. आंबे गोड होते. पुढच्या मे महिन्यात स्वारगेटवरून दापोलीची एसटी पकडा.