टाचणात ‘काल’ला रकाना नाही

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, “तुमच्या वर्गात किती मुलं वाचतात?” आकडा लगेच मिळेल. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत हे लहान वर्गांतल्या मुलांना वाचता-मोजता यावं यासाठीचं केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं, तेव्हापासून तर तो तोंडपाठच ठेवावा लागतो. प्रारंभिक पातळीवर इतकी, अक्षर पातळीवर इतकी, मग शब्द, परिच्छेद, गोष्ट. लिंक येते, आपण भरतो, वर कुठेतरी आलेख चढतो. आकड्यांशी माझं वैर नाही. पण ‘अक्षर पातळीवरचं’ मूल उद्या समोर येऊन बसलं की त्याला नेमकं काय शिकवायचं, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते कळतं मूल चुकतं कसं यावरून. आणि ते लिहून ठेवायला आपल्याकडे जागाच नाही.

उदाहरण देते. मी हडपसरच्या बाजूला शिकवते. वर्गात सोलापूर-लातूरकडची मुलं आहेत, गुलबर्ग्याहून आलेली आहेत, बांधकामावर कामाला आलेल्या बिहारी कुटुंबांतलीही आहेत. फळ्यावर वाक्य होतं, ‘आजीने विहिरीतून पाणी काढले.’ एका मुलीने बिनधास्त वाचलं, “आजीने आडातून पाणी काढले.” तिच्या घरी विहिरीला आड म्हणतात. दुसऱ्याने बोट ठेवून एकेक अक्षर अचूक वाचलं, आ-जी-ने-वि-हि-री-तू-न. पाणी कुणी काढलं, असं विचारल्यावर माझ्याकडे बघत राहिला. तिसरा ‘वि’पाशीच अडला आणि म्हणाला, “इव...”

(विहीर यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलीच नाही. ‘आजीने टँकरमधून पाणी काढले’ असं लिहिलं असतं तर आमच्या भागातल्या सगळ्यांना कळलं असतं. असो.)

तक्त्यात काय गेलं असतं? मुलगी चूक, दुसरा बरोबर, तिसरा चूक. प्रत्यक्षात मुलगी अर्थ धरून वाचते आहे. तिला फक्त छापलेल्या अक्षरांकडे नीट बघायची सवय लावायची आहे. ‘बरोबर’ वाचणाऱ्याची मला जास्त काळजी. त्याला आणखी अक्षरं नकोत, त्याला गोष्टी ऐकवायला हव्यात, त्याच्याशी भरपूर बोलायला हवं. तिसऱ्याचा तर काही दोषच नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. डावीकडून उजवीकडे इमानदारीत वाचणारं मूल ‘इव’च म्हणणार. त्याला आधी ‘व’वर बोट ठेवायला शिकवलं की चार दिवसांत सुटतं. तिघांना तीन वेगळे पाठ हवेत, आणि मागे पडलेल्यांसाठीचं ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणून आपण तिघांनाही एकच बाराखडी गिरवायला बसवतो.

बाराखडीवरून पालकांशी माझं नेहमी होतं. “बाई, अजून बाराखडी झाली नाही?” बाराखडी वाईट नाही, तिला छान ठेका आहे. पण त्या ठेक्याआड पुष्कळ काही लपतं. सुरात का-कि-की म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच ‘कू’वर बोट ठेवून विचारा. ते मनातल्या मनात ‘क’पासून धावत येतं. म्हणून मोजकी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घेऊन लगेच शब्द वाचायला लावणं मला पटतं. हिंदी बोलणाऱ्या मुलांचा पेच आणखी निराळा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो, लिहितो मात्र एकच. त्यांना ते कुणी सांगतच नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कमी आणि एका शंभर पानी वहीतून जास्त कळलं. मूल जे म्हणालं ते जसंच्या तसं लिहायचं, शेजारी एक ओळ, असं का म्हणालं असेल? डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ साली दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. काम करता करता केलेला विचार एक, आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार दुसरा. पहिला आपण सगळ्याच जणी करतो, वर्ग उभा ठेवायचा तर दुसरा इलाजच नसतो. दुसऱ्याला वेळ आणि कागद लागतो. आपलं टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, असतं उद्याचं. घटक, उद्दिष्ट, साहित्य, कृती. काल काय झालं यासाठी शेवटी ‘शेरा’ नावाचा चिंचोळा रकाना, त्यात ‘पाठ पूर्ण’ एवढंच मावतं. पाठ पूर्ण झाला, मुलांचं काय झालं?

“एवढ्या मुलांचं कधी लिहिणार?” हा प्रश्न खरा आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, वर्गात काय असतं ते आपल्याला माहीत आहे. शिवाय पोषण आहार, आधार, निवडणुकीचं काम. मी सगळ्यांचं लिहीत नाही. रोज तीन-चार मुलं, डब्याच्या सुट्टीत, तेही जमेल तेव्हा. जी मुलं वर्गात आवाजच करत नाहीत त्यांची पानं कोरी राहतात. तेवढं दिसलं तरी दुसऱ्या दिवशी कुणाजवळ जाऊन बसायचं ते ठरतं.

निपुणच्या लक्ष्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं आहे, समजून वाचण्याचाही उल्लेख आहे. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये असतं म्हणून आपण पहिलं मोजतो. दुसऱ्यासाठी मुलाशी बोलावं लागतं.

माझी मागणी साधी आहे. शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, पीपीटी एक तास कमी करा. प्रत्येकीने दोन मुलांच्या वाचनाच्या नोंदी आणाव्यात, मूल काय म्हणालं ते वाचून दाखवावं आणि बाकीच्यांनी तर्क लढवावेत. तज्ज्ञ नको, प्रमाणपत्र नको, फोटो तर नकोच. आणि कृपा करून या वहीचा नमुना कुणी काढू नये. मला धास्ती एकाच गोष्टीची आहे, पुढच्या महिन्यात ग्रुपवर निरोप येईल, ‘चिंतन नोंदवही सर्वांनी आज पाचपर्यंत लिंकवर अपलोड करावी.’ मग आपण सगळ्या जणी एका रात्रीत वर्षभराचं चिंतन लिहून काढू, अक्षरही सुवाच्य असेल.

पहिली-दुसरीच्या कुणी बाई-सर असं काही लिहीत असतील तर खाली एखादी नोंद टाका. मुलाचं नाव नको, ते काय म्हणालं तेवढंच लिहा.