निंदणी कोणी करायची?

घणसोलीच्या घरी फोन केला की वडील हल्ली एकाच कागदाविषयी बोलतात. आजोबांची भातशेती नवी मुंबईसाठी संपादित झाली, त्या मोबदल्याच्या वाटपाचा कागद एका कार्यालयाने हिशेबाचा म्हणून मुदतीनंतर नष्ट केला आणि आता वारसांच्या हिश्श्याचा वाद त्याच्यावाचून अडला आहे.

दप्तरातले नको असलेले कागद काढून टाकण्याला आपल्याकडे निंदणीकरण म्हणतात. शब्द शेतातला आहे. पण शेतात तण कोणते हे पेरणारा ठरवतो, दप्तरात ते ज्याचे काम संपले तो ठरवतो. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, 'ड' वर्गाचे जेमतेम वर्षभर; खरा प्रश्न कागद कोणत्या वर्गात टाकला जातो हा आहे.

2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कोतवाल बुकातल्या मोडी लिपीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींना एकाएकी मोल आले. त्यामुळे एकही कागद नष्ट करू नका, सगळे स्कॅन करा, असे आता मित्रमंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. सूची नसलेले लाखो स्कॅन म्हणजे कुलूप नसलेली, पण दारही न सापडणारी रेकॉर्ड रूम.

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये निवडीची शिस्त जुनी आहे, पण ज्याचे काम संपले तोच ठरवतो, ही खोट तिच्यातही आहे. खात्याला जे लागत नाही ते काही वर्षांतच छाटले तरी इतिहासाचे फारसे बिघडत नाही, असे सरकारी दप्तराच्या जतनाचा विचार करणाऱ्या 1954 च्या ग्रिग समितीने गृहीत धरले होते. कॅरिबियन बेटांवरून बोटीने आलेल्यांची उतरण्याची कार्डे गृहखात्याने 2010 मध्ये नष्ट केली. पुढे त्याच पिढीतल्या अनेकांना, आयुष्य इथे काढूनही, आपण कधी आलो हे सिद्ध करता येईना आणि 2018 मध्ये सरकारला माफी मागावी लागली. (इतिहासकारांना ती कार्डे कदाचित कंटाळवाणीच वाटली असती.)

म्हणून कायम जतनाची पहिली कसोटी इतिहासाची नसावी. कोणाचा हक्क किंवा ओळख या कागदावाचून सिद्ध होणार नाही, हे आधी विचारावे, आणि नष्ट करायच्या कागदांची यादी ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या फलकावर हरकतींसाठी लावावी. वडिलांनी ती नक्की वाचली असती. ते फलकावरची प्रत्येक नोटीस वाचतात.